डोहाळजेवण कुणाचं? सरोगसीआधीच्या समुपदेशनाची आणि तपासण्यांची तयारी

जोडपं पहिल्यांदा माझ्या खोलीत येतं तेव्हा नवऱ्याच्या हातात जाडजूड फाइल असते. सात-आठ वर्षांचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. बायको फाइलकडे बघत असते, माझ्याकडे नाही. कधी कधी तिसऱ्या खुर्चीवर, अगदी कडेला टेकलेली, आणखी एक बाई असते. धाकटी जाऊ, मावसबहीण, नणंद. तिच्याकडे फाइल नसते, पर्स तेवढी मांडीवर घट्ट धरलेली.

मी मुंबईत वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या कुटुंबांचं समुपदेशन करते. सरोगसीची, म्हणजे आपलं बाळ दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवण्याची, चौकशी करायला आलेल्यांना मी फाइल बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, "डोहाळजेवण कुणाचं करणार?" बहुतेक वेळा तिघंही गप्प होतात. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) किती, गर्भपिशवीचं अस्तर किती मिलिमीटर, हे त्यांना तोंडपाठ असतं. हिरवी साडी कोण नेसणार, याचा विचार झालेला नसतो.

डॉक्टरांच्या तोंडून "आता सरोगसीचा विचार करा" हे वाक्य नुकतंच ऐकलेल्यांसाठी हे लिहिते आहे. खाली दिलेली उदाहरणं ओळख पटणार नाही अशी बदलून घेतली आहेत.

आधी कायद्याची चाळणी

हा भाग घरी बसून तपासता येतो. इथेच अडणार असाल तर ते चार लाख खर्च होण्याआधी कळलेलं बरं.

सरोगसी (नियमन) कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जोडपं भारतीय आणि कायदेशीर विवाहित हवं. पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५. हयात मूल नसावं, मग ते पोटचं असो, दत्तक असो की आधीच्या सरोगसीतून झालेलं. मूल शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असेल, किंवा कायमचा इलाज नसलेल्या जीवघेण्या आजारानं ग्रासलेलं असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यानंतर अपवाद होतो. एकट्या स्त्रीला परवानगी आहे, पण ती विधवा किंवा घटस्फोटिता आणि ३५ ते ४५ वयाची असेल तरच. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लग्नाशिवाय एकत्र राहणारं जोडपं यांना हा रस्ता आज बंद आहे. मला ते पटतं का, हा वेगळा विषय. खोलीत आलेल्या माणसाला खोटी आशा दाखवणं मला जमत नाही.

जी बाळ पोटात वाढवणार तिचं लग्न झालेलं असावं (आज ती विधवा किंवा घटस्फोटिता असली तरी चालतं), तिला स्वतःचं मूल असावं आणि वय २५ ते ३५ असावं. आयुष्यात एकदाच तिला सरोगेट होता येतं आणि प्रयत्न जास्तीत जास्त तीन. तिचं स्त्रीबीज वापरायला सक्त मनाई आहे, म्हणजे बाळाशी तिचं जनुकीय नातं नसतं.

वयाच्या बाबतीत एक खाचखळगा बघा. जोडप्याचं वय मोजतात ते प्रमाणपत्राच्या दिवशी, सरोगेटचं मात्र प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ तिच्या गर्भपिशवीत सोडण्याच्या दिवशी. जाऊबाई आज ३४ वर्षं आणि नऊ महिन्यांच्या असतील, तर कागदपत्रांत दोन-तीन महिने इकडेतिकडे झाले की सगळं मुसळ केरात. ज्यांनी कायदा लागू होण्याआधीच गर्भ गोठवून ठेवले होते, त्यांना मात्र जोडप्याच्या वयाची ही अट लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केलं. तुम्ही त्यांतले असाल तर वकिलाला हे आधी सांगा.

आता पैशाचं. सरोगेटला मोबदला देता येत नाही. तिचा औषधोपचार, नियमांत बसणारे इतर खर्च आणि विमा एवढंच. "बाई मिळवून देतो, सगळं बघून घेतो" म्हणणारा एजंट भेटला, तर चहा पिऊन उठा. पैसे देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंदा चालवणाऱ्यांना दहा वर्षं आणि दहा लाखांपर्यंत.

आणि कागदांवरची नावं आजच तपासा. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं पूर्ण नाव बदलतं: दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनकार्डावर तिसरंच काहीतरी. हे जुळवायला राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागू शकतो. लग्नाची नोंदणी राहून गेली असेल, तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ती करून घ्या. घटस्फोट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात झाला असेल, तर हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत तिथून आधीच काढून ठेवा.

डॉक्टरांचं कारण, क्लिनिकची भिंत

सरोगसी हवी म्हणून मिळत नाही, वैद्यकीय कारण लागतं. गर्भपिशवी नसणं, काढलेली असणं किंवा तिच्यात मोठा दोष असणं. आयव्हीएफचे, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पिशवीत सोडण्याचे, अनेक प्रयत्न करूनही गर्भ न रुजणं. कारण न सापडता वारंवार गर्भपात होणं. किंवा गरोदरपण बाईच्या जिवावर बेतेल असा आजार. ही नियमांतली कारणं आहेत. नोकरीत बढती जवळ आली आहे, हे त्यांत नाही.

क्लिनिक निवडताना एक साधी गोष्ट करा: रिसेप्शनच्या भिंतीकडे बघा. सरोगसीची नोंदणी आयव्हीएफच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. नसेल तर विचारा. मग विचारा, "तुमच्याकडे समुपदेशक कोण?" नोंदणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि भ्रूणतज्ज्ञ लागतात, तसाच समुपदेशकही लागतो. ती व्यक्ती आठवड्यातून किती वेळ तिथे असते, की फक्त सही करण्यापुरती येते, हे उत्तराच्या सुरावरूनच कळतं.

मुंबई या बाबतीत जुनी आहे. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा गिरणगावातल्या आज्यांनीही त्यावर मतं मांडली असतील. तंत्र रुळायला चाळीसेक वर्षं मिळाली. घरात त्याविषयी बोलायची सवय मात्र आपल्याला अजून नाही, आणि माझं कामच तिथून सुरू होतं.

नवरा-बायकोनं आधी आपसात

तिसऱ्या व्यक्तीला विचारण्याआधी तुम्ही दोघांनी निदान दोन भेटी घ्याव्यात. एक एकत्र आणि एक वेगवेगळी. नवरे वेगळ्या भेटीला नाखूश असतात, "मला काय विचारायचंय, तिलाच विचारा" म्हणतात, आणि दहाव्या मिनिटाला रडतात.

पहिला विषय दुःखाचा. पिशवी काढावी लागली असेल, सहा महिन्यांचं बाळ गेलं असेल, तर ते दुःख सरोगसीनं भरून निघत नाही. ते बाजूला सारून पुढे गेलेल्या बायकांना, सरोगेटचं पोट दिसायला लागलं की भयंकर मत्सर वाटतो, आणि मग त्या मत्सराची लाज वाटते. हे आधी बोललेलं असेल तर निदान ओळखू तरी येतं.

दुसरा विषय बीज कुणाचं. २०२४ च्या फेब्रुवारीत झालेल्या नियमबदलानंतर, वैद्यकीय मंडळानं गरज मान्य केली तर दोघांपैकी एकाचं बीज दात्याचं चालतं. दुसरं मात्र जोडप्याचंच हवं. विधवा किंवा घटस्फोटितेला स्वतःचंच स्त्रीबीज आणि दात्याचे शुक्राणू वापरावे लागतात. दात्याचं बीज घ्यायची वेळ आली, तर ते मनातून मान्य आहे का, हे दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून विचारायचं. "चालेल ना" आणि "चालेल" यांत फरक असतो.

तिसरा विषय गुपिताचा. पोटाला उशी बांधून सोसायटीत फिरायची कल्पना मला दर वर्षी कुणीतरी सांगतं. नका करू. नऊ महिने नाटक चालवणं हे नोकरीपेक्षा जास्त थकवतं, आणि ज्या बाईनं खरंच पोट वाढवलं तिला त्या नाटकात लपून राहावं लागतं. सगळ्या चाळीला सांगा असंही नाही. सासू-सासरे, आई-वडील, एखादा मित्र अशी चार-पाच नावं ठरवा, आणि बाकीच्यांसाठी एक साधं, खरं वाक्य तयार ठेवा: "डॉक्टरांच्या मदतीनं बाळ येणार आहे." तेवढंच. मुलाला पुढे काय सांगणार, हेही आजच ठरवायला लागा. लहानपणापासून गोष्टीसारखं सांगितलेलं मूल ते सहज घेतं. लग्नाच्या वयात मामाच्या तोंडून कळलेलं घेत नाही.

तिसऱ्या खुर्चीवरची

मुख्य तयारी इथे आहे. या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

मोबदला बंद झाल्यापासून बहुतेक कुटुंबं घरातच शोधतात. ऐकायला छान वाटतं, आपलंच माणूस. पण नात्यातल्या माणसाला "नाही" म्हणणं परक्याला म्हणण्यापेक्षा कठीण असतं. मोठ्या दिरानं धाकट्याचं शिक्षण केलेलं असतं. घर सासऱ्यांच्या नावावर असतं. जाऊबाईंनी बाळंतपणात दीड महिना केलेलं असतं. हे सगळं न बोलता खोलीत येऊन बसतं. एक सासूबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी जबरदस्ती करत नाही, तिनं स्वतःच विषय काढला." सुनेला एकटीला विचारलं तर ती म्हणाली, "सगळे रोज संध्याकाळी माझ्याकडे बघायचे. कुणीतरी विषय काढायलाच हवा होता."

म्हणून पहिला नियम: तिची पहिली भेट तिच्या एकटीची. सोबत नवरा नाही, सासू नाही, तुम्ही नाही. शक्य असेल तर तुमच्याबरोबर एका गाडीतूनही तिनं येऊ नये. येताना गाडीत तुम्ही काय बोलाल, ते माझ्या खोलीपर्यंत येतं.

दुसरा नियम: तिला मागे फिरायचं दार उघडं हवं, आणि ते दार तिला माहीत हवं. गर्भ आत सोडेपर्यंत ती संमती मागे घेऊ शकते, हे कायद्यातच आहे. तिच्या संमतीचा फॉर्म तिला समजणाऱ्या भाषेत असायला हवा, आणि प्रक्रियेचे सगळे ज्ञात दुष्परिणाम सांगूनच तो भरून घ्यायचा असतो. मराठीत मागा. वाचून दाखवायला सांगा. मी माझ्यापुरती आणखी एक सोय ठेवते. ती नको म्हणाली, तर मी कुटुंबाला इतकंच सांगते: "यांच्याबरोबर पुढे जाता येणार नाही." कारण सांगत नाही, आणि कुणी खोदून विचारलं तरी सांगत नाही. ही अट पहिल्याच दिवशी जोडप्याकडून मान्य करून घेते. काही जण चिडतात. पण ती अट आहे म्हणून काही बायका माझ्यासमोर खरं बोलल्या आहेत.

तुमच्यापैकी कुणाला हे फार वाटत असेल तर एवढं लक्षात असू द्या: बेकायदा सरोगसीचं प्रकरण कोर्टात उभं राहिलं, तर कायदा असं गृहीतच धरतो की त्या बाईवर नवऱ्यानं, जोडप्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला; तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं.

या भेटीत मी तिला काय विचारते ते सांगते, म्हणजे तिला तयारीनं येता येईल.

तुझी बाळंतपणं कशी झाली, आणि त्या दिवसांतलं काय आठवतं? बाळंतपणानंतर उगाच रडू येणं, झोप न लागणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं, असं काही झालं होतं का? आपल्याकडे याला "हवा लागली" म्हणून सोडून देतात. तो आजार असू शकतो, आणि पुन्हा होऊ शकतो.

तुला आणखी स्वतःचं मूल हवंय का? हवं असेल तर आधी तुझं होऊ दे. प्रत्येक गरोदरपणात धोका असतो, क्वचित पिशवीही काढावी लागते.

तुझ्या लेकराला काय सांगणार? कायद्यानं तिला मूल असतंच, पण त्या मुलाचा विचार कुणी केलेला नसतो. सहा वर्षांची मुलगी आईचं पोट वाढताना बघते, वर्गात सांगते की आमच्याकडे भाऊ येणार, आणि मग भाऊ काकूच्या घरी जातो. आपणही एक दिवस असेच कुणाला दिले जाऊ का, ही भीती मुलांना खरंच वाटते. तिला पहिल्यापासून सांगायचं: काकूच्या पोटाला बरं नाही, म्हणून काकूचं बाळ आईच्या पोटात वाढतंय, ते काकूचंच आहे, आणि तू आमची आहेस.

तू कामाला कशी जातेस? बदलापूरहून सकाळची लोकल पकडणारी, उभ्यानं प्रवास करणारी बाई असेल तर सातव्या महिन्यात काय? घरातली धुणी-भांडी कोण करणार? "आम्ही बघू" हे उत्तर मी घेत नाही. नाव सांगा, वार सांगा.

गर्भात दोष निघाला तर? गर्भपाताचा निर्णय तिच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. समुचित प्राधिकाऱ्याची (या कायद्यासाठी सरकारनं नेमलेली यंत्रणा) परवानगी आणि गर्भपाताचा कायदा पाळावा लागतो. कुणीही तिला गर्भपाताची सक्ती करू शकत नाही. जोडप्याला आणि तिला यावर वेगळं वाटत असेल, तर ते आज कळू दे.

शेवटी तिच्या नवऱ्याची भेट. त्याच्या सहीपेक्षा त्याचं मन महत्त्वाचं. मित्रांच्या टोमण्यांना तो काय उत्तर देणार? डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध ठेवायचे नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंय का? बरेचदा कुणीच सांगितलेलं नसतं.

तपासण्या: कुणाच्या आणि कशासाठी

नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथे. बाळाची जनुकं येतात ती बीज ज्यांचं त्यांच्याकडून. म्हणून थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार), गुणसूत्रांची तपासणी जोडप्याची महत्त्वाची. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आढळतं, पण तपासणी सगळ्यांनीच करावी. सरोगेटच्या तपासण्या दोन प्रश्नांसाठी: तिचं शरीर हे गरोदरपण सुखरूप पेलेल का, आणि कुठला संसर्ग बाळाला किंवा तिला होण्याचा धोका आहे का.

जोडप्यासाठी साधारणपणे पत्नीचं एएमएच आणि सोनोग्राफी, पतीची वीर्यतपासणी, दोघांचं एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. सरोगेटसाठी याच संसर्गतपासण्या, शिवाय हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब, ईसीजी, पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडाची कर्करोगासाठीची तपासणी), पिशवीची सोनोग्राफी, रुबेलाची प्रतिकारशक्ती. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर निदान महिनाभर गर्भ ठेवता येत नाही. वयाच्या त्या हिशोबात हाही महिना धरा. संसर्गतपासणी एकदा निगेटिव्ह आली की झालं असं नसतं. संसर्ग झाल्यावर तो रक्तात दिसायला काही काळ जातो, म्हणून काही तपासण्या पुन्हा सांगतात. त्याचा अपमान वाटून घेऊ नका.

रक्तगटाचं लोक फार विचारतात. सरोगेटचा रक्तगट बाळाला लागत नाही. पण ती आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. एवढंच.

तपासणीला जाताना तिची जुनी डिस्चार्ज कार्डं न्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहातलं पिवळं पडलेलं कार्डही सोनं आहे: सिझेरियन किती, दिवस पूर्ण भरले होते का, रक्तदाब वाढला होता का, साखर वाढली होती का, यावर डॉक्टरांचा अर्धा निर्णय ठरतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर सकाळी चहासुद्धा नाही. पोटावरून सोनोग्राफी असेल तर लघवी धरून ठेवायची. दादरला उतरून क्लिनिकपर्यंत चालत जायचं असेल तर पाणी तिथे पोहोचून प्या, हा अनुभवाचा सल्ला. पॅप स्मिअर पाळीच्या दिवसांत करत नाहीत.

आता नाजूक मुद्दा. इतिहास विचारताना डॉक्टर "आधी गर्भपात झालाय का?" हे विचारतातच. आणि खोलीत जाऊबाई बसलेल्या असतात. मी एका बाईला त्या प्रश्नावर "नाही" म्हणताना ऐकलं, आणि नंतर जिन्यात तिनं मला गाठलं: लग्नाआधीची गोष्ट, नवऱ्यालाही माहीत नाही. म्हणून तिचा वैद्यकीय इतिहास एकांतात घ्यायचा, आणि तिचे रिपोर्ट आधी तिला सांगायचे. एचआयव्ही तपासणीसाठी तर संमती आणि गोपनीयता २०१७ च्या कायद्यानंच सांगितली आहे. बिल तुम्ही भरलं म्हणून रिपोर्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर यायला हवा असं नाही. काउंटरवर नंबर देताना तिचाच द्या.

सगळं ठीक आलं की बरीच क्लिनिकं एक रंगीत तालीम करतात. हॉर्मोनच्या गोळ्या देऊन पिशवीचं अस्तर किती वाढतं ते सोनोग्राफीत बघतात, गर्भ न सोडता. गोळ्यांनी मळमळणं, डोकं दुखणं, चिडचिड होणं शक्य आहे. यात तिला त्रास झाला आणि ती म्हणाली की नको, तर तालमीचा उपयोग झाला.

कागदांचा क्रम

हे वकिलाबरोबर करायचं काम आहे, मी रूपरेषा तेवढी सांगते. जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून वैद्यकीय कारणाचा दाखला. मग सरोगेटच्या नावानं ३६ महिन्यांचा आरोग्य विमा, ज्यात बाळंतपणानंतरची गुंतागुंतही येते. याला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. फोन आजपासून सुरू करा, आणि पॉलिसीत सरोगसी हा शब्द कुठे आणि कसा आलाय ते स्वतः वाचा. तिच्या उपचारखर्चाची हमी देणारं तुमचं प्रतिज्ञापत्र. मग मॅजिस्ट्रेट कोर्टात जोडप्याचा आणि सरोगेटचा अर्ज, बाळाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश मिळवण्यासाठी. हाच आदेश पुढे जन्मनोंदीला आधार होतो. किल्ला कोर्ट असो की बोरिवली, त्या दिवशी तिला रजा घ्यावी लागेल, तिचं मूल शाळेतून कोण आणणार ते ठरवून ठेवा. सरोगेटला शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्रही लागतं, आणि शेवटी समुचित प्राधिकाऱ्याकडून जोडप्याला आणि तिला वेगवेगळी पात्रता प्रमाणपत्रं.

मानसिक तंदुरुस्तीच्या त्या कागदासाठी लोक माझ्याकडे शेवटच्या आठवड्यात धावत येतात, "मॅडम, फक्त सही हवी होती." फक्त सही मी देत नाही.

घरची वही

कोर्टाच्या कागदात न मावणाऱ्या गोष्टी साध्या दोनशे पानी वहीत लिहा. तिघं-चौघं बसून, एका रविवारी, जेवण झाल्यावर. कायद्यात त्या वहीला किंमत नाही, म्हणूनच ती मोकळेपणी लिहिता येते.

एका वेळी साधारण एकच गर्भ सोडतात, खास परिस्थितीत तीनपर्यंत. जुळं राहिलं तर काय? सोनोग्राफीला आत कोण जाणार? बाळ मुलगा की मुलगी हे विचारायचंसुद्धा नाही, तो गुन्हा आहे. दिवसातून किती फोन? (एक. मी ठामपणे सांगते, एक. "जेवलीस का, काय जेवलीस, पपई तर नाही ना खाल्लीस" याचे पाच फोन कुणालाही वेडं करतात.) गणपतीला तिला कोकणात गावी जायचं असेल आणि आठवा महिना असेल, तर निर्णय डॉक्टरांचा की घरच्यांचा? तारीख जुलैतली असेल आणि रुळांवर पाणी भरलं, तर जवळचं दुसरं रुग्णालय कोणतं? बाळंतपणाच्या खोलीत तिच्याजवळ कोण हवं, हे तिनं सांगायचं. पहिलं चिकाचं दूध ती पाजणार का, की वाटीत काढून देणार, की दोन्ही नको? शीवच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. पण असं दूध आधी कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना जातं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. बाळ तिला काय म्हणणार? मावशी, काकू, आत्या, जे खरं नातं आहे तेच बहुधा उत्तम.

आणि डोहाळजेवण. एका घरात यावर तासभर वाद चालला होता. सासूबाईंना दोघींची एकत्र ओटी भरायची होती, मोठ्या सुनेला काहीच नको होतं. धाकटी, जिच्या पोटात बाळ असणार होतं, ती पहिल्यापासून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होती. मग अचानक म्हणाली, "केलंच तर मला हिरवी साडी नको. मला तो रंग आवडत नाही." सगळे हसले. मोठीनं वहीत लिहिलं: साडी जांभळी. माझ्या दृष्टीनं त्या दिवशीचं काम झालं होतं. "मला नको" हे तिच्या तोंडून त्या घरानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

बाळ झाल्यावरची तारीख

हे आत्ताच ठरवायचं, कारण बाळ आलं की सगळ्यांची नजर पाळण्याकडे वळते. बाळ कायद्यानं तुमचं. नोकरी करणाऱ्या आईला, तिचं स्वतःचं स्त्रीबीज असेल तर, बाळ हातात आल्यापासून बारा आठवड्यांची रजा मिळते. केंद्र सरकारच्या सेवेतल्यांसाठी २०२४ पासून नियम अधिक उदार आहेत, कार्यालयात विचारा.

आणि जिनं बाळ दिलं तिला दूध येतं. छाती दगडासारखी होते. डॉक्टर दूध आटवायची गोळी देतात, ती आठवणीनं मागून घ्या. तिचे टाके असतात, झोप उडालेली असते, आणि खोलीत बाळ नसतं. तिलाही शेक, तिलाही डिंकाचे लाडू, तिलाही सव्वा महिना. मधल्या काळात मन फार खचलं, तर १४४१६ या टेली मानस हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. हा नंबर तिच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

सव्वा महिन्यानंतरची तिची माझ्याबरोबरची भेट गर्भ सोडण्याआधीच डायरीत लिहून घ्या. रिक्षाचं भाडं द्या, तिच्या मुलाला त्या दुपारी सांभाळा. आणि तिला एकटीलाच येऊ द्या. बाळाला दुपट्यात गुंडाळून "बघा मॅडम, कसं बाळसं धरलंय" करत मागोमाग येऊ नका. तुम्हाला मी दुसऱ्या दिवसाची वेळ देईन.